सोनेरी तबकडीवरचे ओरखडे

१

डबीचं झाकण निघालं आणि संचालकांच्या खोलीतले सगळे टेबलावर वाकले.

आत ताईची तबकडी होती. सोन्याचा पातळ थर असलेली सीडी, बाजारात सहजी न मिळणारी, दोन पिढ्या टिकावी म्हणून मुद्दाम मागवलेली. तिची चकचकीत बाजू कुणीतरी घासून काढली होती. करपलेलं पातेलं तारेच्या घासणीनं घासावं तशी, गोल गोल, सगळा जोर लावून. कडेला तर ओरखडे इतके खोल होते की नखाला लागत होते.

“कुलपाच्या आत होती ना ही?” संचालक एवढंच म्हणाले.

धाकटीनं तबकडी अलगद कडेनं धरून उचलली. ताई तिची सख्खी थोरली बहीण, चार महिन्यांपूर्वी गेलेली. रंगाच्या कारखान्यामागच्या वस्तीत ताईनं अठरा वर्षं विहिरींचं पाणी मोजलं होतं. कुठल्या विहिरीत कारखान्याचं विष किती उतरलं आणि वर्षागणिक किती वाढलं, याचा तो अहवाल. आता तो प्रसिद्ध व्हायचा होता आणि त्यामागोमाग वस्तीच्या तक्रारीची सुनावणी होती. वस्तीला नळाचं पाणी मिळणार की नाही, ते या आकड्यांवर ठरणार होतं. धाकटी दुसऱ्या शहरातल्या अभिलेखागारात कामाला. जुनी कागदपत्रं, फिती, तबकड्या यांची निगा राखणं हा तिचा व्यवसाय. प्रसिद्धीआधी अहवालाच्या तिन्ही प्रती ताडून पाहायला संस्थेनं तिलाच बोलावून घेतलं होतं.

तीन प्रतींचा नियम ताईनंच भांडून करून घेतला होता. एक प्रत संस्थेच्या सर्व्हरवर, म्हणजे लोकांना घरबसल्या वाचता येईल अशी. दुसरी चुंबकीय टेपवर, दुसऱ्या इमारतीत. तिसरी या तबकडीवर, ताईच्या खोलीतल्या कपाटात. सर्व्हर आणि टेप पुसून पुन्हा लिहिता येतात. ही तबकडी मात्र एकदा लिहिली की तिच्यातला आकडा ब्रह्मदेवाच्या बापालाही बदलता येत नाही.

संगणक अधिकारी घाम पुसत म्हणाले की सर्व्हर आणि टेप त्यांनी सकाळीच तपासलेत, आकडा न् आकडा जुळतोय. संचालकांच्या जिवात जीव आला. कुणाचा तरी खोडसाळपणा आहे, नुकसान काहीच नाही, असं म्हणून त्यांनी डबी बाजूला सारली.

धाकटीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात किडा वळवळत होता. अहवाल ज्याला नकोसा असेल तो तिन्ही प्रतींच्या मागे लागेल. इथं मात्र दोन प्रतींना धक्काही लागलेला नव्हता. जिच्यात फेरफार करता येत नाही तेवढी एकच कुणीतरी संपवली होती.

म्हणजे उरलेल्या दोन्हींत फेरफार झालेला होता.

२

ताईच्या खोलीत जाणारी माणसं मोजकीच. कपाटाची किल्ली तिथंच टेबलाच्या खणात असायची, हे सगळ्यांना ठाऊक. संचालक जात, संगणक अधिकारी जात, ताईची सहायक जाई. मध्ये एकदा दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तिचा चष्मा, छत्री आणि शाल न्यायला आले होते, असं शिपायानं सांगितलं. धाकटीनं संस्थेतल्या तिघांची नावं मनाशी धरली आणि सुरुवात वरून केली.

संचालक कारखानदारांच्या पंगतीला बसणारे गृहस्थ. कारखान्याच्या देणगीतून संस्थेची नवी इमारत उभी राहिली होती, आणि ही गोष्ट ते लपवतही नव्हते. तबकडीच्या खर्चाला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. सर्व्हर असताना हे सोन्याचे चोचले कशाला, असं ते तीन प्रतींचा नियम ठरला त्या बैठकीत म्हणाले होते म्हणे.

“तुमच्या ताईनं काय केलं सांगू? मी, संगणक अधिकारी आणि तिची सहायक बघत असताना माझ्याच टेबलावरची जुन्या गाण्यांची सीडी उचलली. चकाकत्या बाजूवर किल्लीनं ओरखडा ओढला, दंतमंजन लावून पुसला आणि ती वाजवून दाखवली. मग उलटी केली, नाव लिहितो त्या बाजूला केसातल्या पिनेनं एक रेघ मारली. गाणी गेली ती गेलीच. म्हणे, ‘सर, हिचा जीव या बाजूला असतो, पापुद्र्याखाली.’” संचालक हसता हसता थांबले. “अजून ती सीडी मी टाकलेली नाही.”

संगणक अधिकाऱ्यांना तीच बैठक वेगळ्या कारणानं आठवत होती. त्यांना सगळं टेपवर हवं होतं. टेपवर भरपूर मावतं, नीट ठेवली तर तीही वर्षानुवर्षं टिकते. पण पिनेच्या त्या रेघेनंतर आपलं कुणी ऐकूनच घेतलं नाही, असं ते खट्टू होऊन सांगत होते. आकडे बदलायचे तर सगळ्यात सोपं त्यांनाच होतं. धाकटीनं विचारलं, अंतिम फाइल तुमच्याकडे आली कशी?

“बाईंच्याच ई-मेलवरून आली. तीच सर्व्हरवर चढवली आणि तिचीच टेप केली. त्या आठवड्यात तर बाई इस्पितळात होत्या, बघा. माणूस नळ्या लावून पडलंय आणि काम सुटत नाही. धन्य त्यांची.”

धाकटी मान डोलावून उठली आणि दारातच थबकली. त्या आठवड्यात ती स्वतः ताईच्या उशाशी बसलेली होती. ताईचे दोन्ही हात पलंगाला बांधलेले होते, कारण ती ग्लानीत नळ्या ओढून काढायची.

फाइल ताईनं पाठवलेलीच नव्हती.

३

तिनं पहिल्यांदा आकडेच चाळले. कारखान्याच्या सोयीचे फेरफार असतील तर शेवटी शेवटी आकडे उतरायला हवे होते. ते तर चढत गेलेले होते, शेवटची दोन वर्षं सगळ्यांत वाईट. कारखान्याच्या मिंध्या माणसानं कारखान्याच्याच गळ्यात फास कशाला अडकवावा? संचालकांवरचा संशय तिथंच ढिला पडला.

ताईची सहायक ठेंगणी, चटपटीत, पहिल्या वर्षापासून विहिरींवर ताईबरोबर फिरलेली. ताई तिला चिमणी म्हणायची आणि संस्थेत तिला तेच नाव पडलं होतं. बोलता बोलता तिचे डोळे भरून येत होते. दोन वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या कामावर टाकलं, आणि तेही बाईंच्याच सांगण्यावरून. आपलं काय चुकलं ते तिला कधी कळलं नाही. तेव्हापासून बाई संस्थेत येईनाशा झाल्या. पाय दुखतात म्हणायच्या. घरूनच काम करायच्या, आणि ही तबकडीसुद्धा त्यांनी घरीच लिहून, डबीत घालून तिच्या हाती दिली होती.

“डबी दिली तेव्हा माझा हात सोडेनात. म्हणाल्या, ‘नीट जा हं, आई वाट बघत असेल.’ माझी आई जाऊन सात वर्षं झाली, त्यांना माहीत होतं. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात गेलं.”

 धाकटीला दर रविवारचा फोन आठवला. फोन नेहमी दाजी उचलायचे. मग ताई यायची, खूप हसायची, आणि एखादा शब्द अडला की शेजारून दाजी तो पुरवायचे. आत्ताच विहिरींवरून आलीय, दमलीय गं, असं म्हणून तेच फोन ठेवायचे. नवरा-बायकोचा एवढा जीव एकमेकांवर, म्हणून धाकटीला तेव्हा भरून यायचं.

चिमणीनं आकड्यांचा तक्ता स्वतःकडे ओढला होता. तिचं बोट एकेका विहिरीवरून खाली सरकत होतं, ते एका ओळीवर अडलं.

“हे कुणी भरलंय? सातव्या विहिरीला गेल्या वर्षी आकडा कसा?”

“का? काय झालं?”

“सातवी शाळेजवळची. ती बुजवली ना, दीड-दोन वर्षं झाली. वर सिमेंट ओतलंय, गाड्या उभ्या असतात तिथं.” चिमणीनं मान वर केली. “मग हे पाणी काढलं कुठून?”

४

दुसऱ्या दिवशी दुपारी, आपल्या अभिलेखागारात बसून धाकटीनं सगळं पुन्हा मांडलं. तबकडी घासून गुळगुळीत करायचं यंत्र समोर घरघरत होतं.

शेवटच्या दोन वर्षांचे आकडे पाण्याचे वाटतच नव्हते. पाणी लहरी असतं. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी विष दाट होतं. ज्या वर्षी पूर, त्या वर्षी पातळ. पहिल्या सोळा वर्षांत हे चढउतार जागोजागी होते. शेवटची दोन वर्षं मात्र शाळेच्या पुस्तकातल्या उदाहरणासारखी, प्रत्येक विहीर ठरावीक मापानं वर चढलेली. ज्यानं ते भरले त्याला गणित येत होतं आणि विहिरींवर तो फिरकलेला नव्हता. चिमणी सातव्या विहिरीत कधीच आकडा घालणार नाही. मग संगणक अधिकारी?

यंत्र थांबलं. तिनं तबकडी उलटीपालटी करून उजेडात धरली. खालची बाजू बरीच निवळली होती. वरच्या बाजूला ताईच्या अक्षरातलं अहवालाचं नाव जसंच्या तसं होतं. एक रेघ नाही. साधा बोटाचा ठसासुद्धा नाही.

इतके दिवस ती त्या ओरखड्यांकडे बघत होती. जिथं ओरखडा नव्हता तिथं तिनं बघितलंच नव्हतं. संचालकांनी तबकडी मारायची ठरवली असती तर त्यांनी पिनेची एक रेघ वरून मारली असती. संगणक अधिकाऱ्यांनीही तेच केलं असतं, आणि चिमणीनंही. ताईनं ते तिघांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं होतं. इथं कुणीतरी घासणी घेऊन घाम गाळला होता, चमकते तीच बाजू खरी समजून. त्या बैठकीत जो नव्हता त्यानं.

चष्मा, छत्री आणि शाल न्यायला आलेला माणूस. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस.

तिनं तबकडी संगणकात सरकवली. दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा फाइल उघडली. सोळा वर्षं अगदी नीट होती. सतराव्या वर्षाचा तक्ता तिनं उघडला. पहिल्या चार विहिरींना आकडे होते, चारींना एकच. पाचव्या विहिरीच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथं लिहिलं होतं: ‘पाणी गार आहे.’

खाली, सहाव्या विहिरीसमोर: ‘आई हाका मारतेय. घर कुठल्या बाजूला?’

आणि त्याच्याही खाली: ‘धाकटीला पोहायला शिकवायचंय. ती घाबरते. हात सोडायचा नाही.’

धाकटीनं पडद्यावर हात ठेवला.

५

दाजींनी दार उघडलं. ते चहा टाकायला आत गेले तेव्हा धाकटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. कपाटांवर, डब्यांवर, मोरीच्या दारावर चिकटपट्टीचे चौकोनी डाग होते. अंत्ययात्रेच्या गर्दीत ते तिच्या नजरेत आले नव्हते. इथं साखर, इथं मीठ, हे न्हाणीघर, गॅस बंद कर. कुणाला तरी आठवावं म्हणून घरभर डकवलेल्या चिठ्ठ्या कुणीतरी नंतर एकेक करून सोलून काढल्या होत्या.

तिनं आरोप केला नाही. पर्समधून तबकडी काढून टेबलावर ठेवली.

“दाजी, तुम्ही चुकीची बाजू घासलीत.”

दाजींनी तबकडी उलटी करून पाहिली. मग खुर्ची ओढून बसले, दमलेल्या माणसासारखे.

“चमकते ती बाजू बघून मला वाटलं, तिथंच असणार सगळं. शेवटचं कडेला असतं, एवढंच तिच्याकडून ऐकलं होतं.”

मग त्यांनी सांगितलं, आणि एकदा सांगायला लागल्यावर ते थांबेनात. तिसऱ्या विहिरीवरून परत येताना ताई रस्ता चुकली, तिथून सुरुवात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या संध्याकाळी तिनं दाजींकडून वचन घेतलं: संस्थेत कळता कामा नये, नाहीतर काम काढून घेतील. चिमणीला लगेच कळेल, तिला लांब पाठवायचं. आणि धाकटीला तर मुळीच सांगायचं नाही, ती सगळं सोडून इथं येऊन बसेल. विहिरींवर जाणं पुढे आपोआपच बंद पडलं. पण रोज सकाळी ती नेमानं टेबलाशी बसायची, टकटक करत राहायची, आणि दाजींना बरं वाटायचं की निदान एवढं तरी तिच्यापाशी उरलंय. तबकडी कशी लिहायची ते तिचे हात विसरले नव्हते. ती तिनं एका बऱ्या दिवशी लिहिली, बोटं जराही अडखळली नाहीत.

ती इस्पितळात गेल्यावर संस्थेचा निरोप आला, फाइल पाठवा. दाजींनी पहिल्यांदाच ती उघडून वाचली.

“दोन दिवस नुसता बसून होतो. मग तिनं लिहिलेलं पुसलं, सोळा वर्षांची सरासरी वाढ काढली आणि पुढं नेली, मुलांना शिकवायचो तशी.” त्यांनी हात चोळले. “मी लबाडी करत नव्हतो गं. तिची पाटी पुसून ठेवत होतो.”

“सातवी विहीर बुजवलीय, दाजी. दोन वर्षं झाली.”

ते समजायला त्यांना थोडा वेळ लागला. धाकटीनं सावकाश उलगडून सांगितलं की कारखान्याच्या वकिलाला ही एक विहीर सापडली की पुरे. तेवढा एक धागा ओढून तो अठरा वर्षांचं विणकाम उसवून टाकील. खोटी दोन वर्षं खऱ्या सोळांना घेऊन बुडतील, आणि ती माणसं तेच पाणी पीत राहतील.

दाजींचा चेहरा आक्रसला. तिचं नाव राखायला गेलेला हा माणूस तिचं सगळं काम पाण्यात घालायला निघाला होता, आणि ते त्याला आत्ता कळत होतं. त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं. धाकटीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चहा उतू गेल्याचा वास आला तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

६

संस्थेत दाजी स्वतः गेले. संचालकांनी ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी ते धाकटीला पहिल्यांदा भले वाटले. त्यांनी सुचवलं की शेवटची दोन वर्षं गाळू आणि तळटीपेत ‘तांत्रिक कारण’ म्हणू, कुणी खोदून विचारणार नाही. दाजींनी मान हलवली. कारण लपवलं की लोक वाटेल ते कारण शोधतात, असं म्हणून त्यांनी वाक्य स्वतः सांगितलं: शेवटची दोन वर्षं संशोधिका स्मृतिभ्रंशानं आजारी होत्या, त्या काळातले आकडे धरू नयेत.

अहवाल तसाच प्रसिद्ध झाला. सुनावणीत वकिलानं त्या वाक्यावरून खूप आकांडतांडव केलं. आजार कधी सुरू झाला कशावरून, आधीचे आकडे तरी शुद्धीत घेतले कशावरून, असं तो विचारत राहिला. पण त्या सोळा वर्षांत चिमणी बरोबर होती आणि एकेका विहिरीचा एकेक दिवस तिला सांगता येत होता. आकडे टिकले. विहिरी बंद झाल्या आणि वस्तीत नळ आले.

वर्तमानपत्रांनी मात्र नळांपेक्षा आजारावरच जास्त लिहिलं. ज्यांनी ताईला कधी ओळख दिली नव्हती ते शेजारी हळहळ करायला येऊ लागले, कशी हो राहत होती, तुम्हाला तरी ओळखत होती का, असं विचारू लागले. दाजींनी दार उघडणं सोडलं.

धाकटीला ते उघडत. शेवटचं एक काम राहिलं होतं. ताईनं मूळ जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं नव्या तबकडीवर उतरवून, मोहोरबंद करून अभिलेखागारात ठेवायचं होतं. धाकटीच्या व्यवसायात काही गाळायची रीत नाही. अडचण एवढीच होती की तबकडीवर मजकूर मधून कडेकडे लिहिला जातो, आणि जुन्या तबकडीच्या कडेचे ओरखडे फार खोल होते. शेवटचा तक्ता काही केल्या वाचता आला नव्हता. तिथं ‘मजकूर नष्ट’ अशी नोंद करावी लागेल, असं तिनं दाजींना सांगितलं.

दाजी खिडकीशी बसले होते. बाहेर कुणीतरी गच्चीवरचे कपडे काढत होतं.

“नष्ट कशानं होईल? मला पाठ आहे,” ते म्हणाले. “लिहून घे.”

धाकटीनं संगणक मांडीवर घेतला. दाजी एकेक विहीर सांगत गेले, शाळेत श्रुतलेखन घालावं तसं, सावकाश, स्पष्ट. बरीचशी वाक्यं अर्धी होती. मग ते थांबले, आणि पुढचं सांगताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

“‘एक गृहस्थ रोज सकाळी चहा आणून देतात. चांगले आहेत. त्यांचं कुणी नाही वाटतं.’”

धाकटीची बोटं जागच्या जागी राहिली. घासणी कडेला एवढी खोल का उतरली होती, ते तिला आता कळलं. मग तिच्या आजवरच्या नोकरीत जे ती कधी बोलली नव्हती ते बोलली. हे तेवढं गाळते, दाजी. ओरखड्यात गेलं म्हणून लिहू, कुणाला कळणार नाही.

दाजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

“राहू दे,” ते म्हणाले. “चांगले आहेत, असं म्हणालीय ती.”